जुनं चर्च पाडायचं ठरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: वसई पट्ट्यातलं किनाऱ्यालगतचं गाव, पोर्तुगीज काळात स्थापन झालेलं चर्च. पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा दरवर्षी पावसाळा संपला की गळायला लागतो, छप्पर दोन जागी झिरपतं आणि सणाच्या रविवारी निम्मी माणसं बाहेर उभी असतात. धर्मग्राम (पॅरिश) परिषदेत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, पाडा आणि आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, मोठं बांधा. दुसरा म्हणतो, वारसा आहे, कुणी हात लावायचा नाही. तुम्ही विचारलंय की अशा इमारतीचं गावात आज नेमकं काम काय उरलंय, आणि ठेवायची झाली तर ठेवायची कशी.

मी सत्तावीस वर्षं जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. त्यात दहा-बारा चर्च होती, बहुतेक समुद्राच्या वाऱ्यात उभी असलेली. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे भक्तीबद्दल मी बोलणं बरं नव्हे. चुना, मीठ आणि इमारत वापरणारी माणसं, एवढ्याबद्दल बोलते. दोन्ही तटांना यातलं निम्मंच आवडेल, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात वसईच्या किल्ल्यातून करू. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या दोनशे वर्षांत तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा ख्रिस्ती धर्मसंघांनी मोठमोठी चर्च बांधली. सेंट जोसेफचं चर्च मनोऱ्यामुळे अजून लांबून ओळखू येतं. १६०१ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाल्याचा शिलालेख तिथे आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज कुटुंबं निघून गेली आणि या चर्चमध्ये रविवारी येणारं कुणी राहिलं नाही. फुटलेलं कौल बदलायला कुणी नसलं की वासा कुजतो, वासा गेला की भिंतीच्या माथ्यात पाणी उतरतं, मग पिंपळ. आज तिथे कमानी आहेत आणि वर आभाळ आहे.

तटाबाहेरच्या गावांत मात्र कुपारी, वाडवळ, कोळी अशी ख्रिस्ती कुटुंबं राहिली. त्यांची चर्च साधी होती. पापडी, नंदाखाल, सांडोर, आगाशी, निर्मळ इथली चर्च पडली-झडली, पुन्हा उभी राहिली, वाढली, पण बंद पडली नाहीत. किल्ल्यातला दगड गावातल्या दगडापेक्षा हलका नव्हता, उलट कारागिरी तिथलीच सरस. फरक पडला तो दर मे महिन्यात शिडी लावून छपरावर चढणाऱ्या माणसाचा. म्हणून “हात लावू नका” म्हणणाऱ्यांना माझा पहिला विरोध आहे. हात लागला नाही तर अशी इमारत तीस वर्षंही काढत नाही.

आता “चारशे वर्षांचं चर्च” या शब्दांकडे जरा संशयाने बघा. बहुतेक वेळा चारशे वर्षांचा असतो तो धर्मग्राम, इमारत नव्हे. मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचंच असणार, कारण मंगळूरला बाझल मिशनचा पहिला कारखाना त्या वर्षी निघाला. दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने घेतलेला असू शकतो. वेदीमागची भिंत आणि जोतं मात्र खरोखर जुनं निघतं. कुठला भाग कधीचा हे ठरल्याशिवाय “पाडा” आणि “ठेवा” दोन्ही शब्द पोकळ आहेत. एका ठिकाणी समितीने जपून ठेवलेली कमान १९५०-६० च्या दशकातली निघाली, आणि गोदाम म्हणून पाडायला काढलेली खोली हीच मूळची साक्रिस्ती, म्हणजे फादरांची वस्त्रं-भांडी ठेवण्याची खोली होती.

गावातलं काम काय, याकडे येते. मिस्सा, लग्न, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), अंत्यविधी हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला दिसतं ते वेगळं.

पूर्वीच्या रीतीने चर्चची वेदी पूर्वेला ठेवायची. आपल्या किनाऱ्यावर याचा अर्थ असा की मुख्य दार पश्चिमेला, थेट समुद्राकडे. सगळीकडे हे पाळलं गेलं नाही, पण तुमच्याकडे तसंच आहे. त्यामुळे चुन्याने पांढराधोप केलेली दर्शनी भिंत होडीतून मैलोन् मैल दिसायची. जीपीएस येण्याआधी तांडेल तिची आणि मागच्या डोंगराच्या टोकाची रेघ जुळवून डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, कुठे लावली ते लक्षात ठेवत. एका म्हाताऱ्या नाखव्याने मला कागदावर काढून दाखवलं होतं: चर्चचा क्रूस डोंगराच्या खिंडीत बसला की खाली चिखल, खिंडीच्या उजवीकडे सरकला की खडक, जाळं फाटणार. ज्या भिंतीवर तुम्ही आता गुलाबी टेक्सचर पेंट मारायचं म्हणताय, तिच्या पांढऱ्या रंगाला हा इतिहास आहे. नैर्ऋत्येचा मारा पहिल्यांदा झेलते तीही हीच भिंत, म्हणून गिलावा तिचाच जातो.

दुसरं काम घंटेचं. तिन्हीसांजेची घंटा, मिस्साची घंटा, कुणी गेल्याची संथ घंटा. आळीतली म्हातारी माणसं ठोक्यांवरून ओळखतात. वसईच्या घंटांचा प्रवास तुम्हाला माहीत असेलच. १७३९ नंतर त्यातल्या काही मराठ्यांबरोबर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. मेणवलीला मी खास तिच्यासाठी गेले होते. सुमारे अडीचशे वर्षं तीही वाजतेच आहे, दुसऱ्या देवासाठी. तुमची घंटा तडकलेली नसेल तर तिला हात लावू नका. फक्त लोलक नेहमी एकाच जागी आपटून तिथे खड्डा पडला असेल तर घंटा थोडी फिरवून टांगायला सांगा. विजेवर चालणारा हातोडा बसवायची सूचना कुणीतरी करेलच. तो हातोडा चुकीच्या जागी, चुकीच्या जोराने पडला की कासं तडकतं, आणि कासं सांधता येत नाही असंच समजा.

तिसरं काम नोंदवह्यांचं, आणि माझ्या मते हे सगळ्यात दुर्लक्षित. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये लग्नांची नोंद ठेवणं चर्चला बंधनकारक केलं. बाप्तिस्म्याच्या नोंदींचीही तेव्हापासूनच शिस्त लागली. म्हणजे सरकारी जन्मनोंदणीच्या कितीतरी आधीपासून तुमच्या गावातल्या माणसांची नावं, आईबापांची, धर्मपित्यांची नावं एका कपाटात आहेत. जातीच्या दाखल्याला, वारसाहक्काला, जन्मतारखेच्या घोळाला आजही लोक तिथेच धावतात. एका चर्चच्या जुन्या मृत्युनोंदीत मी “समुद्रात” एवढाच शेरा पाहिला होता. दफनाच्या जागेचा रकाना मोकळा. त्या पानावर तशा चार नोंदी एकाखाली एक होत्या, एकाच दिवसाच्या. गावात त्या वादळाची आठवण कुणालाच नव्हती. चर्च पाडताना “तात्पुरतं” म्हणून हे कपाट कुणाच्या तरी ओसरीवर जातं आणि एका पावसाळ्यात लगदा होतो. इमारतीचं काहीही ठरो, वह्यांचे फोटो या महिन्यात काढा. लॅमिनेशन करू नका. जुन्या शाईचा कागद प्लास्टिकमध्ये कोंडला की आतल्या आत खराब होतो आणि पुन्हा सोडवता येत नाही.

आणि आवार. चर्चचं आवार हे किनाऱ्यावरच्या दाट गावठाणातलं बहुतेक वेळा एकमेव सपाट, मोकळं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं मैदान असतं. वादळात लोक तिथे येतात कारण जोतं उंच असतं. सभा तिथे होतात. पापडीला १९१८ मध्ये मोन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने जी पतसंस्था सुरू झाली, तिचीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या शेतकऱ्याला चर्चच्या सावलीतून सुटका मिळाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली वसईची हिरवळ आणि पाणी वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली, तीही अशाच आवारांतून गावोगाव पोचली. आणि तिच्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. त्या चळवळीतला पाण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, भिंतीकडे वळल्यावर तो पुन्हा येणार आहे.

समाजाची ही कामं नव्या इमारतीत होणार नाहीत असं मी म्हणत नाही. होतील. बांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १५७५ मध्ये जेझुइटांनी कोळ्यांच्या किनाऱ्यावर बांधलं. डोंगरावरचं मोत माऊलीचं (माउंट मेरी) चर्च उद्ध्वस्त झालं तेव्हा माऊलीची मूर्ती सेंट अँड्र्यूजमध्ये होती, आणि १७६१ च्या सुमारास डोंगरावर परतली. माऊलीचं आजचं चर्च १९०४ चं, एका पारशी वास्तुविशारदाने रेखलेलं. इमारत नवी, पण सप्टेंबरच्या जत्रेच्या गर्दीत त्याने काही फरक पडत नाही. तेव्हा नवं बांधलं की श्रद्धा जाते, हा मुद्दा परिषदेत मांडू नका, हराल. मांडायचा मुद्दा मिठाचा आहे.

तुम्ही लिहिलंत की गिलावा “पावसाळा संपला की” गळतो. हे वाक्य वाचून मला बरं वाटलं, कारण रोग तिथेच कळला. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक धरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मीठ भिंतीत विरघळलेलंच असतं. दिवाळीच्या आसपास दुपारची हवा कोरडी झाली की ते गिलाव्याच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगतं, रात्री पुन्हा विरघळतं, दुसऱ्या दुपारी पुन्हा फुगतं. हाच लोणा. भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, बोट लावलं की गिलावा पिठासारखा झडतो. पावसात झिरपणारं पाणी आणि लोणा ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांवर एकच औषध करणारा कंत्राटदार दोन्ही वाढवतो.

ते औषध म्हणजे सिमेंट. जुनी भिंत दगड आणि चुन्याची असते. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर वाफ होऊन जाते. गिलावा मिठाने खराब होतो, पण त्याचं कामच ते आहे: दगडाऐवजी स्वतः झिजायचं आणि वीस-पंचवीस वर्षांनी बदललं जायचं. सिमेंटचा गिलावा ओल कोंडतो. कोंडलेली ओल बाहेर पडायला वाट शोधत वर चढते. एका चर्चमध्ये पाच फुटांपर्यंत सिमेंट मारलेलं होतं. तीन वर्षांत ओल खिडकीच्या तळापर्यंत गेली आणि बाजूच्या वेदीचा जुना रंग पापुद्र्यांनी सुटला. ते सिमेंट आम्ही छिन्नीने, यंत्र न लावता, काढलं. दोन हिवाळे भिंत उघडी ठेवली. गोड्या पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचे लेप लावून मीठ ओढून घेतलं, लेप वाळले की काढून टाकले, पुन्हा लावले. गावकरी वैतागले. एक आजी रोज विचारायच्या, “बाई, आमच्या चर्चला कपडे कधी घालणार?” तिसऱ्या हिवाळ्यात चुना लावला.

आतल्या बाजूचा प्लास्टिक इमल्शन आणि जमिनीवरच्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरशा हेच पाप करतात. जमिनीची ओल फरशीखालून सरकत भिंतीकडे जाते. शिवाय त्या फरशांखाली जुने थडग्यांचे दगड गाडले जातात, आणि त्यांवरची अक्षरं हा बऱ्याचदा तुमच्या गावाचा सगळ्यात जुना लेख असतो.

चुन्याबद्दल प्रत्येक गवंड्याची आपली पाककृती असते. गूळ, हिरडा, उडीद, बेलफळ, कुणी मेथी. यातल्या बऱ्याच गोष्टींचा उपयोग होतो, पण प्रमाण चुकलं तर बुरशी येते. माझा जोर साध्या गोष्टींवर असतो. कळीचा चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवलेला हवा. वाळू धुतलेली हवी, समुद्राची तर मुळीच नको. पाणी गोडं हवं. आणि इथे तो पाण्याचा मुद्दा. भूजलाच्या उपशाने किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी खाऱ्या झाल्या. आवारातल्या विहिरीचं पाणी “आपलंच आहे” म्हणून कालवणात घातलं की तुम्ही पैसे देऊन भिंतीत मीठ भरता. विहिरीचं पाणी आधी तपासून घ्या, खर्च किरकोळ आहे. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू दगड होतो, त्यासाठी ओलसर सावली लागते. उन्हात लावलेला, गोणपाट न झाकलेला चुना भुसभुशीत राहतो आणि मग “चुन्याचे दिवस गेले” असं म्हणणारे खूश होतात.

काम नोव्हेंबर ते मार्च या काळात. गंमत म्हणजे गावातले हात मोकळे असतात ते नेमके उलट, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत. त्या ६१ दिवसांत चुना लावता येत नाही. पण आतलं लाकूडकाम होतं, बाकांची वाळवी बघता येते, वह्यांचे फोटो होतात, छप्पर नेमकं कुठे झिरपतं ते पावसातच कळतं. दोन्ही हंगाम वाटून घेणारं गाव कंत्राटदाराचं निम्मं बिल वाचवतं. जाळ्याची गाठ मारणारी बोटं भिंतीतल्या दगडांचे सांधे फार सुरेख भरतात, हे मी स्वतः पाहिलंय. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या सुमारास फादर होड्यांना आशीर्वाद देतात, त्याच दिवशी कामाचा हिशेब सगळ्यांपुढे वाचा. त्या दिवशी गाव हजर असतं.

आता आरसीसी. मी त्याच्या विरोधात नाही. पण समुद्राच्या हवेतलं आरसीसी फार काळजीने करावं लागतं आणि गावाच्या वर्गणीतून ती काळजी क्वचित होते. हवेतले, वाळूतले, पाण्यातले क्लोराइड सळईपर्यंत पोचले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे किनारी हवेत सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं, खाऱ्या तुषारांच्या माऱ्यात ५०. तुमच्या गावातल्या नव्या घरांच्या स्लॅबखाली मोजून बघा. वीस-पंचवीस मिळालं तर नशीब. तशा स्लॅबच्या सळया पंचवीस वर्षांच्या आत उघड्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. जुन्या भिंतीवर आरसीसीचा पट्टा ओतून “मजबुती” देणं तर सगळ्यात वाईट. पट्टा गंजतो आणि भिंतीला बरोबर घेऊन जातो.

गर्दीची अडचण खरी आहे, तिला वारशाच्या नावाखाली झिडकारू नका. आधी मोजा. वर्षातले किती रविवार खरोखर भरतात? बहुतेक ठिकाणी उत्तर निघतं: नाताळ, पवित्र आठवडा, गावचा सण, ऑक्टोबरातला आगेरा (सुगीचा सण) आणि मोठी लग्नं. त्यासाठी एक जादा मिस्सा आणि आवारात पक्का पण हलका मांडव पुरतो. खरंच रोजची वस्ती वाढली असेल तर जुन्या भिंतीला न टेकणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली नवी शाळा-सभागृहासारखी इमारत उत्तरेला घ्या. पश्चिमेची मोकळी जागा अडवू नका.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, कारण इथे लोक आधी पाडतात आणि मग विचारतात. नवं चर्च बांधायला धर्मप्रांताच्या बिशपांची लेखी संमती लागते, आणि भक्तीतल्या मौल्यवान जुन्या मूर्ती-चित्रांची दुरुस्तीसुद्धा अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय, तज्ज्ञांचं मत न घेता करायची नाही, असं १९८३ च्या धर्मसंहितेतच आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. दुरुस्ती त्यात तुलनेने सोपी, नवं मोठं बांधकाम अवघड. केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगीची अट. या तिन्ही गोष्टींचे कागद-नकाशे परिषदेच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा. माझ्या अनुभवात निम्मं भांडण तिथेच थंड होतं.

माझं मत विचाराल तर: छप्पर आधी, पन्हळी त्याच्याबरोबर, म्हणजे पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचणार नाही. मग पश्चिमेच्या भिंतीवर सिमेंट असेल तर ते काढणं. मग थांबणं. चुना त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी आणि पांढराच. पाडायचा विषय दोन हिवाळ्यांनी पुन्हा काढायला हरकत नाही, तोवर भिंत वाळलेली असेल आणि ती किती चांगली आहे ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. खरंच निकामी भाग निघाला तर तेवढा उतरवायला मीच सांगेन.

दिवाळीनंतर, दुपारी दोनच्या सुमारास, भिंतीच्या तळापासून सहा फुटांपर्यंतचे फोटो काढून ठेवा. शेजारी मोजपट्टी धरा आणि लोणा कुठल्या उंचीवर थांबतो तिथे पेन्सिलीने तारीख लिहा. पुढच्या दिवाळीला ती रेघ वर गेली की खाली आली, ते सांगा.